डिस्पॅचची तारीख येईपर्यंत

(सोलापुरात अग्निवीर म्हणून निवड झालेल्या मुलांपुढे एका निवृत्त हवालदारांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मघाशी इथल्या एका पोराला विचारलं, मेरिट लिस्टमध्ये नाव आलं, आता डिस्पॅचपर्यंत, म्हणजे ट्रेनिंग सेंटरला रवाना होईपर्यंत, काय करतोस? म्हणाला, "रोज पहाटे होम मैदानावर पळतो." पळायलाच पाहिजे. मग विचारलं, आणि संध्याकाळी? तो गप्प बसला. मला त्या संध्याकाळबद्दल बोलायचंय.

मी सिग्नल्सचा, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलाचा. बेसिकमध्ये पळण्यात, दोर चढण्यात पहिल्या पाचांत असायचो. मग ट्रेड ट्रेनिंग, म्हणजे ज्याच्या-त्याच्या कामाचं शिक्षण, सुरू झालं आणि उस्तादांनी फळ्यावर लिहिलं : ३०० भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रीक्वेन्सी, म्हणजे मीटरमध्ये तरंगलांबी. साधा भागाकार. पण भरतीच्या नादात दोन वर्षं वही उघडली नव्हती. पहिल्या चाचणीत नापास झालो. पुन्हा तसंच झालं असतं तर रिलिगेट होऊन मागच्या बॅचमध्ये गेलो असतो. रविवारी कपडे धुताना शेजारच्या खाटेवरच्या जोडीदारानं समजावलं. ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंग १० मीटरचा. त्याचा चौथा भाग अडीच मीटर. कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्यानं वितीनं मोजून दाखवलं, अकरा वितींच्या थोडं पुढे. "एवढी तार काप, झाली तुझी अँटेना." ते गणित त्या दिवशी हाताला समजलं.

तोफखान्यात गेलात तर वर्तुळ ३६० अंशांचं राहत नाही, ६४०० मिलचं होतं. एक मिल चुकला की एक किलोमीटरवर साधारण एक मीटर सरकतं. दहा किलोमीटरवर पाच मिल चुकले तर गोळा पन्नास मीटर बाजूला. तिथे आपलीच माणसं असू शकतात. म्हणून त्रैराशिक पक्कं करा. ईएमईत, म्हणजे लष्कराची यंत्रं आणि उपकरणं दुरुस्त करणाऱ्या दलात, गेलात तर ओहमचा नियम आणि व्हर्नियरचं वाचन रोज लागेल.

कुठलं सेंटर मिळेल ते आपल्या हातात नाही. म्हणून आठवी ते दहावीची बालभारतीची गणित-विज्ञानाची पुस्तकं काढा. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा. तिथे उस्ताद हिंदीत शिकवतात आणि उपकरणावर इंग्रजी लिहिलेलं असतं. आपली मराठी माध्यमाची पोरं हुशार असूनही तिथेच अडखळतात, याचं मला फार वाईट वाटतं. फोनमधला कॅल्क्युलेटर आजपासून बंद. तिथे फोन जमा होतो.

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार, आणि तेही गुणवत्तेवर. ती मोजणी ट्रेनिंगपासूनच सुरू होते असं धरून चला.

मघाशी गप्प बसलास तो तू, पुढे ये बाळा. फळ्यावर ७५ मेगाहर्ट्झ लिहिलंय. चौथ्या भागाची तार किती लांब लागेल? घाई नाही. हा घे खडू.