महिना की मिनिट?

[दृश्य: कोरं पान, लुकलुकणारा कर्सर. कोलन उमटतो, त्यामागून डी, ए, टी, ई. क्षणात ती अक्षरं पुसली जातात आणि त्यांच्या जागी एक तारीख येते.]

पाच कळा दाबल्या आणि तारीख हजर. कॅलेंडर उघडायला नको, आज कितवी म्हणून कुणाला विचारायला नको. टेक्स्ट एक्सपांडर म्हणजे थोडी अक्षरं टाईप केली की त्यांच्या जागी ठरलेला मजकूर घालणारा प्रोग्रॅम. तो वापरायला लागलेल्या पुष्कळांचा पहिला शॉर्टकट हाच असतो. सही, पत्ता, नेहमीची उत्तरं हे सगळं मागाहून येतं.

पण पडद्यावर काय उमटलंय ते नीट वाचा. तीन, तिरकी रेघ, चार, तिरकी रेघ, आणि वर्ष. ही तीन एप्रिल की चार मार्च?

लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतं, कारण तो आज तिथे बसलेला आहे. सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. एस्पान्सो हा मोफत, मुक्तस्रोत टेक्स्ट एक्सपांडर बसवला की तारखेचा एक तयार नमुना मिळतो. त्यात आधी महिना, मग दिवस, शेवटी वर्ष असतं. शॉर्टकट चालतो म्हणून आपण तो तसाच ठेवतो आणि महिनोन्‌महिने दुसऱ्याने ठरवलेल्या क्रमात तारखा लिहीत राहतो.

गल्लत किती दिवस होऊ शकते, हे मोजता येतं. महिने बारा, प्रत्येकातले पहिले बारा दिवस, म्हणजे १४४ तारखा. त्यांतल्या एक जानेवारी, दोन फेब्रुवारी अशा १२ तारखा उलटसुलट कशाही वाचल्या तरी त्याच राहतात. उरतात १३२. वर्षातले १३२ दिवस असे आहेत, की त्या दिवशी टाईप केलेली तारीख दोन वेगळ्या दिवसांची वाटू शकते. तेरा तारीख उजाडली की सगळं आपोआप स्वच्छ होतं, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

[दृश्य: एस्पान्सोची सेटिंगची फाईल. एक ओळ उजळते: टक्क्याची खूण आणि एकेक अक्षर.]

आतली यंत्रणा साधी आहे. प्रोग्रॅम पडद्यामागे बसून दाबलेल्या कळा पाहत असतो. ठरलेली अक्षरं ओळीने आली, की तो ती खोडतो आणि त्यांच्या जागी दुसरा मजकूर घालतो. सही किंवा पत्ता आधीच लिहून ठेवलेला असतो. तारीख मात्र साठवलेली नसते. साठवलेला असतो तो साचा, आणि त्या क्षणी संगणकाचं घड्याळ जे सांगेल ते त्या साच्यात ओतलं जातं.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वर्ड प्रोसेसरमध्ये आपणहून बदलणारी तारीख घालता येते. पत्र मार्चमध्ये लिहिलेलं असतं, जूनमध्ये उघडलं की वर जूनची तारीख दिसते. टेक्स्ट एक्सपांडरने घातलेली तारीख अशी हलत नाही. उमटल्यावर ती साधी अक्षरं होऊन जाते, हाताने टाईप केल्यासारखी. नोंदवहीला, इतिवृत्ताला, फाईलच्या नावाला अशीच तारीख लागते.

आता साच्याची भाषा. एस्पान्सो वापरतो ती पद्धत सी या प्रोग्रॅमिंग भाषेतून आलेली आहे. १९८९ साली सी भाषेचं प्रमाण रूप ठरलं, त्यातच तारीख मांडण्याचं हे फंक्शन आहे. टक्क्याची खूण आणि तिच्यापुढे एक अक्षर. मोठा वाय म्हणजे चार अंकी वर्ष, छोटा वाय म्हणजे दोन अंकी. छोटा डी म्हणजे दिवस. मोठा डी लिहिलात तर दिवस येत नाही, महिना-दिवस-वर्ष अशी अख्खी तारीख येते, तीही दोन अंकी वर्षाची. आणि छोटा एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट.

[दृश्य: दोन खिडक्या शेजारी शेजारी. डावीकडे एस्पान्सो, उजवीकडे ऑटोहॉटकी.]

विंडोजवर बरेच जण हेच काम ऑटोहॉटकीकडून करून घेतात. २००३पासून चालत आलेलं हे साधन. त्याच्या साच्यात टक्क्याची खूण नसते. चार छोटे वाय, दोन मोठे एम, दोन छोटे डी असं सरळ लिहायचं. नीट ऐका: इथे महिन्यासाठी मोठा एम लागतो. छोटा एम म्हणजे मिनिट. एस्पान्सोच्या अगदी उलट.

एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्याकडे जाताना माणूस इथेच घसरतो. महिन्याच्या जागी मिनिटं येऊन बसतात. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी शॉर्टकट दाबला तर महिना चाळिसावा दिसतो आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. पण दोन वाजून सात मिनिटांनी दाबला तर? महिना सातवा, जुलै. अगदी खरी वाटणारी तारीख. तासाच्या ६० मिनिटांपैकी १ ते १२ या मिनिटांत हे घडतं. म्हणजे पाचांतून एकदा चूक खऱ्याचं सोंग घेऊन येते. नेमकी त्याच वेळी चाचणी घेतली, तर सगळं बरोबर आहे असं वाटून आपण फाईल बंद करतो.

याच जातीची दुसरी चूक वर्षभर झोपलेली असते आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत उठते. मॅकवर कीबोर्ड माएस्ट्रो नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात युनिकोडच्या पद्धतीचा साचाही चालतो. त्या पद्धतीत चार छोटे वाय म्हणजे आपलं नेहमीचं वर्ष. चार मोठे वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशेबाचं वर्ष, ज्यात अख्खा आठवडा एकाच वर्षाच्या खात्यात टाकतात. दोन्ही साचे जवळजवळ वर्षभर तंतोतंत सारखं उत्तर देतात. मग २९ डिसेंबर २०२५ येतो. तो सोमवार. त्या आठवड्याचा गुरुवार १ जानेवारीला, म्हणजे सातांतले चार दिवस नव्या वर्षात, म्हणून तो आठवडा २०२६चा पहिला. मोठ्या वायचा साचा बिनदिक्कत लिहितो: २९ डिसेंबर २०२६. एक वर्ष पुढची तारीख, आणि कुठेही चुकीची सूचना नाही.

[दृश्य: फाईलींची यादी. नावांच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस. यादी आपोआप कालक्रमाने लागलेली.]

मग साचा कुठला घ्यावा? फाईलच्या नावासाठी माझ्या मनात दुसरा पर्यायच नाही. आधी चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे आडवी रेघ. १९८८ साली निघालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात हाच क्रम आहे. मोठं एकक आधी असल्यामुळे नावांचा क्रम लावला की तारखांचा क्रम आपोआप लागतो. त्यासाठी एक अंकी महिन्याआधी शून्य हवंच, नाहीतर अक्षरागणिक क्रम लावणारा प्रोग्रॅम दहाव्या महिन्याला नवव्याच्या आधी बसवतो. तिरकी रेघ तर विंडोज फाईलच्या नावात घेतच नाही, आणि लिनक्स ती फोल्डरची खूण समजतो.

माणसाला वाचायच्या पत्रात मात्र हाच साचा कोरडा वाटतो. तिथे महिना अक्षरांत लिहावा. ३ एप्रिल लिहिलं की वादच मिटतो. म्हणून एका शॉर्टकटवर सगळं भागवू नका, निदान दोन ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी थोडं काम आहे. महिन्याचं नाव मराठीत हवं असेल, तर एस्पान्सोच्या साच्याला भाषेचा संकेत जोडता येतो. अंक मात्र इंग्रजीच (1, 2, 3) उमटतात. देवनागरी हवे असतील तर दहा अंकांची अदलाबदल करणारी छोटी स्क्रिप्ट (छोटासा प्रोग्रॅम) जोडावी लागते. पत्रासाठी ती मी आनंदाने जोडेन, फाईलच्या नावासाठी नाही. देवनागरी एक आणि इंग्रजी एक ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हं आहेत, आणि दोन्ही मिसळली की यादीचा क्रम बिघडू शकतो. शॉर्टकटचंही तसंच. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू असताना इंग्रजी डीची कळ हलंत उमटवते. मग कोलन-डेट कितीही वेळा दाबा, काही होत नाही. उपाय सोपा आहे: एकाच तारखेला दोन ट्रिगर (शॉर्टकटची अक्षरं) द्यायचे, एक रोमन, एक देवनागरी.

उद्याची तारीखही मागता येते. एस्पान्सोला ती सेकंदांत सांगावी लागते: ८६,४०० सेकंद पुढे. दिवस चोवीस तासांचाच असेल तोवर हे बरोबर. काही देशांत वर्षातून एकदा घड्याळ तासभर पुढे करतात आणि तो रविवार तेवीस तासांचा होतो. आदल्या शनिवारी रात्री साडेअकराला ‘उद्या’ मागितलात, तर येतो सोमवार. महिन्यांचा हिशेब याहून अवघड. ऑटोहॉटकीचं बेरजेचं फंक्शन सेकंद, मिनिटं, तास आणि दिवस घेतं, महिना घेत नाही. एकतीस जानेवारीनंतर एक महिना म्हणजे कुठला दिवस, हे माणसानेच ठरवायचं असतं.

[दृश्य: पुन्हा कोरं पान. कोपऱ्यातल्या घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं.]

नवा साचा लिहिलात की तो तासाची पहिली तेरा मिनिटं उलटल्यावर तपासा. दिवस-महिन्याचा क्रम पाहायचा असेल तर तेरा तारखेनंतर पाहा. आणि आठवड्यांच्या वर्षाची शंका असेल, तर संगणकाची तारीख घटकाभर २९ डिसेंबर २०२५ करून शॉर्टकट दाबा.

एक काम उरतं. साचा आज बदलला तरी काल टाईप केलेल्या तारखा जुन्याच रूपात राहणार, कारण त्या आता फक्त अक्षरं आहेत. एकाच नोंदवहीत दोन पद्धती होतात, आणि सांधा कुठे आहे हे पुढच्या वाचणाऱ्याला कळत नाही. तेव्हा नोंदवही उघडा आणि तिथेच एक ओळ लिहा: इथवर महिना आधी होता, इथून पुढे वर्ष आधी.

[दृश्य: ती ओळ टाईप होते. कर्सर पुढच्या ओळीवर उतरतो. कोलन, डी, ए, टी, ई.]