कोल्हापुरी चप्पल आणि डिझाइनचा वर्ग

नमस्कार श्रोतेहो,

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपल्याकडे संताप उसळला, मग कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. संताप रास्तच होता. पण आपल्या डिझाइन महाविद्यालयांत तरी कोल्हापुरी कितीशी शिकवली जाते?

अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली. तिथले विद्यार्थी कारागिरांकडे जाऊन कामाची बारकाईने नोंद करतात. ही परंपरा मोलाची आहे. तरीही त्या नोंदीत कारागीर राहतो माहिती देणारा, आणि पदवी मिळते ती लिहून घेणाऱ्याला. मला हे खटकतं.

वर्गात कोल्हापुरी येते ती बहुधा नक्षी म्हणून. पट्ट्यावरची चामड्याची वेणी उचलायची, पिशवीवर लावायची, झालं! खरी विद्या त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कमावतात, त्याला कित्येक दिवस लागतात. मग रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, तळ कापायचा, बाजूचे कान बसवायचे, बोट अडकवायचा अंगठा जोडायचा. अस्सल जोडाला खिळा नसतो, शिवण चामड्याच्याच वादीची. त्यामुळे उसवलेला जोड पुन्हा शिवता येतो. टिकाऊ वस्तू कशी घडवावी, यावर आज परिसंवाद भरतात. इथे त्याचं उत्तर हातात आहे.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगितलीच पाहिजे. चामडं कमावलं ढोर समाजाने, चपला घडवल्या चर्मकार समाजाने, आणि याच कामापायी त्यांना अस्पृश्यता सोसावी लागली. ते गाळून नुसता ‘वारसा’ शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं.

कारागिराकडे पदवी नाही, ही सबबही आता उरलेली नाही. स्थानिक कलाकार-कारागिरांना उच्च शिक्षणसंस्थांत शिकवायला बोलवावं, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना आणल्या. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या वस्तूच्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. या पट्ट्यातल्या विद्यापीठांनी तरी सुरुवात करावी. एका सत्राचा विषय ठेवा, प्राध्यापकाइतकं मानधन द्या, चामड्याची वेणी विणणाऱ्या बायकांनाही बोलवा. विद्यार्थ्याने आधी चामडं ओळखायला शिकावं, मग संगणक उघडावा. आणि सत्राच्या शेवटी त्याने केलेला जोड कारागिरानेच तपासावा: तळ वाकवून, शिवण ओढून. गुणपत्रिकेवर सहीसुद्धा त्याचीच असावी.