छावणीत समुपदेशक पोहोचले, तरी मनाला आधार का मिळत नाही?

नमस्कार. भूकंप झाला किंवा युद्ध पेटलं की काही दिवसांतच मदत करणाऱ्या संस्थांची रीघ लागते. छावणीतल्या एखाद्या बाईला सकाळी कुणीतरी विचारतं, “घरातलं कोण गेलं?” दुपारी दुसरी संस्था फॉर्म घेऊन येते आणि तेच विचारते. संध्याकाळी तिसरी येते. ती बाई दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगते, आणि पदरात काहीच पडत नाही. आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं, याचा या तिघांनाही पत्ता नसतो.

म्हणून आज मला समन्वयाबद्दल बोलायचंय. बैठका, याद्या, तक्ते असा हा रुक्ष मामला वाटतो. पण माझ्या मते मनोसामाजिक आधाराची, म्हणजे माणसाच्या मनाला आणि त्याच्या नात्यागोत्याला दिलेल्या आधाराची, सुरुवात तिथूनच होते.

आधी रचना थोडक्यात सांगते. डिसेंबर १९९१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव ४६/१८२ केला आणि जगभरच्या मदतकार्याच्या समन्वयाची चौकट ठरली. २००५मध्ये क्लस्टर पद्धत आली. म्हणजे एकेका कामासाठी संस्थांचा एकेक गट, आणि त्या गटाची जबाबदारी घेणारी एक संस्था. पाणी आणि स्वच्छता युनिसेफकडे, आरोग्य जागतिक आरोग्य संघटनेकडे, सामानाची ने-आण जागतिक अन्न कार्यक्रमाकडे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानात भूकंप झाला, तेव्हा ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली.

मग मानसिक आरोग्याचं क्लस्टर कोणतं? असं वेगळं क्लस्टरच नाही. आरोग्य, संरक्षण (म्हणजे हिंसा आणि शोषणापासून लोकांचा बचाव), शिक्षण या सगळ्यांमध्ये काम करणारा एक तांत्रिक कार्यगट असतो. अनेकांना हा कमीपणा वाटतो. मला मात्र हे योग्य वाटतं, आणि त्याचं कारण २००७च्या आंतर-संस्था मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदत संस्थांनी मिळून ठरवलेल्या तत्त्वांमध्ये सापडतं.

त्यात आधाराचे चार थर मांडलेत. सगळ्यात खाली, सगळ्यात रुंद थर म्हणजे सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्याही माणसाचा मान राखून पुरवलेल्या. छावणीतल्या शौचालयाला आतून कडी नसेल, वाटेवर दिवा नसेल, तर बायका-मुली रात्रभर जीव मुठीत धरून राहतात. ही भीती समुपदेशनानं जाणार नाही, ती कडी लावल्यावर जाईल. म्हणून शौचालय बांधणाऱ्यांच्या बैठकीत मनोसामाजिक काम करणारं कुणीतरी हवंच. त्यावरचा थर कुटुंबाचा आणि समाजाचा: ताटातूट झालेली मुलं घरच्यांपर्यंत पोहोचवणं, मृतांचे अंत्यविधी रीतीप्रमाणे होऊ देणं. तिसऱ्या थरात प्रशिक्षित कार्यकर्ते. मानसोपचारतज्ज्ञ सगळ्यात वरच्या, लहान थरात.

तज्ज्ञ लागतातच, याबद्दल शंका नको. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा अंदाज आहे की संघर्षग्रस्त भागांत सुमारे २२ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. पण दुःखात असलेला प्रत्येक माणूस आजारी नसतो. सरसकट सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत घडलेलं सगळं बोलायला लावणं, हे या मार्गदर्शक तत्त्वांना साफ अमान्य आहे. बोलावंसं वाटेल त्याचं ऐकायचं, बाकीच्यांना गप्प राहू द्यायचं.

समन्वयातही एक धोका आहे. २०१०च्या भूकंपानंतर हैतीत क्लस्टरच्या बऱ्याच बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आणि इंग्रजीत झाल्या. तिथले लोक क्रिओल बोलतात! स्थानिक संघटना बाहेरच राहिल्या. कोणत्या वस्तीत कोण एकटं पडलंय, कुणाचं ऐकलं जातं, हे ज्यांना माहीत होतं तेच बैठकीत नव्हते. मला ही चूक फार गंभीर वाटते.

उलट उदाहरण इंडोनेशियातल्या आचेहचं. २००४च्या त्सुनामीआधी तिथे चाळीस लाखांहून जास्त लोकांसाठी एकच मनोरुग्णालय होतं. नंतर मदतीच्या ओघात परिचारिकांना प्रशिक्षण मिळालं आणि मानसिक आरोग्याची सेवा स्थानिक आरोग्य केंद्रांपर्यंत गेली. परक्या संस्था निघून गेल्यावरही ते काम मागे राहिलं. पैसा असा लागायला हवा.

आणि एक गट कायम विसरला जातो: आधीपासून गंभीर मानसिक आजार असलेले, संस्थांमध्ये राहणारे लोक. गोंधळात कर्मचारी पळून जातात, औषधं संपतात, आणि बंद खोलीतला माणूस कुणाच्याच यादीत नसतो. पहिल्या पाहणीतच अशा जागा शोधून तिथे अन्न, पाणी, औषध पोहोचवावं लागतं.

तुम्ही मदतीला जाणार असाल किंवा देणगी देणार असाल, तर त्या संस्थेला एवढं जरूर विचारा: त्या भागातल्या कार्यगटात तुमची नोंद आहे का? कुठे कोण काय करतंय, याच्या तक्त्यात तुमचं काम दिसतं का? तुमच्या कार्यकर्त्यांवर देखरेख कोण करतं? एखाद्याला तज्ज्ञाची गरज पडली, तर त्याला नेमकं कुठे पाठवणार? उत्तरं अडखळत आली, तर त्या भागात आधीपासून काम करणारी दुसरी संस्था शोधा.