बोकड, बोट आणि बर्फ

(दृश्य: रेवदंडा. सकाळ. शाळेचं आवार, त्यातलं दगडी स्मारक. खाडीतल्या होडीच्या इंजिनाचा आवाज लांबून.)

रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात एका रशियन माणसाचं स्मारक आहे. अफनासी निकितिन. गाव त्वेर, धंदा व्यापार. पंधराव्या शतकात, शेजारच्या चौलवर बहामनी सुलतानाचा अंमल होता तेव्हा, हा माणूस होर्मुझहून जहाजानं इथं उतरला. सोबत एक घोडा होता. हिंदुस्थानात घोड्याला भाव येतो, एवढ्या भरवशावर त्यानं तो समुद्रावरून आणला. जुन्नरला पोचेपर्यंत शंभर रुबल पडले, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला आणि परत हवा असेल तर धर्म बदल म्हणाला. कसाबसा तो परत मिळाला. मग त्याला दाणावैरण घालत घालत निकितिन बिदरला गेला आणि अखेर तिथं तो विकला.

जिवंत जनावर विकायला निघालेल्या माणसाच्या मागे काय काय लागतं, ते या एका घोड्यात आलं. वाटेत ते खातं. त्याच्यावर कोणाचाही डोळा असतो. आणि विकलं जाईपर्यंत ते मरता कामा नये.

तेव्हा जनावरं या किनाऱ्यावर उतरत होती. आजचा वाद ती चढवण्याचा आहे. शेळ्यामेंढ्या जिवंत बोटीत भरून आखातात पाठवाव्यात, की इथंच कापून मांस पाठवावं?

(दृश्य: रात्र. न्हावा-शेवा बंदर. क्रेन, दिवे, कंटेनरची रांग.)

दुसऱ्या पर्यायाचं दर्शन रायगड जिल्ह्यातच होतं. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. देशातलं गोठवलेलं म्हशीचं मांस ज्या बंदरांतून बाहेर जातं, त्यातलं हे एक मोठं. व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, आखाती देश अशी गिऱ्हाईकं. पण बंदरावर म्हैस शोधाल तर सापडणार नाही. दिसतील ते पांढरे रीफर कंटेनर, विजेच्या तारेला जोडलेले, आत उणे अठरा अंश. हंबरणं नाही, शेणाचा वास नाही. मोर्चाही नाही, कारण मोर्चा काढावा असं डोळ्यांना काही दिसतच नाही.

या पेटीमागचं शास्त्र थोडं सांगायला हवं. आपल्या देशात जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो. हा रोग आपल्या कळपात येऊ नये म्हणून कितीतरी देश आपलं जिवंत जनावर दारात उभं करत नाहीत. मांसाचं मात्र वेगळं आहे. कापल्यावर धड चोवीस तास थंडीत टांगून ठेवलं की स्नायूंत आम्ल तयार होतं आणि त्या आम्लात रोगाचा विषाणू टिकत नाही. तो लपून राहतो हाडांच्या मगजात आणि लसिकाग्रंथींच्या गाठींत. म्हणून हाडं आणि गाठी काढून टाकायच्या. आपलं म्हशीचं मांस बिनहाडांचं जातं ते गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नव्हे, या कारणानं. जिथं म्हशीला प्रवेश नाही तिथं तिचं मांस पोचतं, ते या चोवीस तासांच्या गारव्यामुळे.

शेळीमेंढीच्या मटणाचा रस्ता आणखी वेगळा. ते गोठवत नाहीत, नुसतं थंड करतात आणि अख्खं धड विमानानं आखातात जातं. कापल्यापासून ताटापर्यंत दिवस थोडे, म्हणून भाडं परवडतं.

(दृश्य: नकाशा. कोकण किनाऱ्यावरून वर सरकत कच्छच्या आखातापर्यंत.)

आणि जिवंत माल? त्यासाठी कोकण सोडून वर कच्छला जावं लागतं. कांडल्याजवळचं तुणा हे जुनं बंदर. तिथून लाकडी गलबतांतून शेळ्यामेंढ्या आखाती देशांत जात आल्यात. ही गलबतं १ जून ते ३१ ऑगस्ट समुद्रात निघत नाहीत. पावसाळ्याचा तो बंद काळ. बकरी ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. ती पावसाळ्यात आली की मागणी असते आणि बोट नसते.

वाद पेटला तो २०१८ साली. जूनमध्ये नागपूरहून शारजाला विमानानं शेळ्यामेंढ्या पाठवायच्या ठरलं होतं. धनगर समाजाचे नेते आणि तेव्हाचे राज्यसभा खासदार विकास महात्मे यांनी ते उचलून धरलं होतं. मेंढपाळाला परदेशी गिऱ्हाईक मिळेल, हा मुद्दा. जैन समाजातून जोरदार विरोध झाला आणि विमान उडालंच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात गुजरात सरकारनं तुण्याहून निर्यात थांबवली, प्रकरण न्यायालयात गेलं. जून २०२३ मध्ये केंद्रानं पशुधन आयात-निर्यातीच्या नव्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी ठेवला आणि त्याच महिन्यात मागे घेतला. जुना कायदा १८९८ सालचा.

बाहेरही हेच चाललंय. ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आखाताकडे निघालेल्या अवासी एक्स्प्रेस या बोटीवर सुमारे २,४०० मेंढ्या उष्म्यानं मेल्या. बोटीवरच्याच एका शिकाऊ अधिकाऱ्यानं काढलेलं चित्रण पुढच्या वर्षी टीव्हीवर आलं. ऑस्ट्रेलियानं आता मेंढ्यांची समुद्री निर्यात १ मे २०२८ पासून बंद करण्याचा कायदा केलाय. न्यूझीलंडनं गुरांची समुद्री निर्यात एप्रिल २०२३ मध्येच बंद केली. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये जपानजवळ गल्फ लाइव्हस्टॉक १ ही बोट वादळात बुडाली होती. तिच्यावर जवळपास सहा हजार गाई आणि ४३ माणसं होती. माणसांतली दोन वाचली.

(दृश्य: घाट. पहाटेचं धुकं. टेम्पोच्या मागच्या फळ्यांतून बाहेर आलेले कान.)

पण बोटींकडे बघता बघता एक गोष्ट नजरेतून निसटते. कोकण शेळ्यामेंढ्या पाठवणारा मुलूख नाहीच. तो मागवणारा आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या होत्या सुमारे एक कोटी सहा लाख. त्यातल्या बहुतेक घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात. तिथले बोकड आंबा घाटानं, फोंडा घाटानं, आंबोलीनं खाली उतरतात. जिवंत. टेम्पोच्या फळ्यांत उभे, वळणावळणाला एकमेकांवर रेलत. वाटेत अंगावरचं वजन तुटतं, ते खरेदीदारानं आधीच भावात धरलेलं असतं. बोटीवरच्या मेंढीसाठी चॅनेलवर चर्चा झडतात. या टेम्पोच्या मागे आपली एसटी असते आणि आपण फक्त तो ओव्हरटेक कधी होईल ते बघत असतो.

मटण का नाही येत घाटावरून? कारण मटणाला थंडी लागते. चार अंशांच्या आतली, खाटकाच्या सुरीपासून गिऱ्हाइकाच्या पातेल्यापर्यंत एकदाही न तुटणारी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यावर आलं, त्यानंतर कित्येक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. ते टोकाचं उदाहरण झालं, कबूल. पण जुलैतल्या कुठल्याही साध्या रात्री कोकणात फ्रीजवर किती भरवसा ठेवता येतो, हे इथं राहणाऱ्याला विचारा. बोकडाला वीज लागत नाही. तो मूठभर पाल्यावर आठवडाभर ताजा राहतो. जनावराचा जीव हेच गरिबाचं शीतगृह आहे, आणि जिवंत मालाचा सगळा व्यापार, टेम्पोतला काय आणि गलबतातला काय, या एका गोष्टीवर उभा आहे.

दुसरं कारण भरवशाचं. आपल्या माणसाला मटण गरम लागतं. डोळ्यासमोर टांगलेलं, शेपूट राखलेलं, म्हणजे बोकड की मेंढी ते कळावं. पिशवीतल्या गार मटणाकडे तो संशयानं बघतो. आखातातला गिऱ्हाईक याहून वेगळा नाही, आणि कुर्बानीला तर जनावर जिवंतच लागतं. आपल्याकडेही गावच्या राखणदार देवाचा मान गोठवलेल्या पाकिटातून कोणी देत नाही.

(दृश्य: सिंधुदुर्ग. कातळ, करवंदीच्या जाळ्या. काळ्या, पायांवर आणि तोंडावर पांढरे पट्टे असलेल्या शेळ्या.)

ही कोकण कन्याळ. सिंधुदुर्गाची स्वतःची शेळी, मांसासाठीची जात म्हणून रीतसर नोंद झालेली. काळं अंग, तोंडावर पांढरे पट्टे, लांब लोंबते कान, उंच पाय. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं हिच्यावर काम केलंय. घाटावरची शेळी इथल्या पावसात खोकते, तिच्या खुरांत कुजतं. ही तगते. तरी पावसाआधी आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस द्यावीच लागते, गोठ्यात जमिनीपासून उंच माच लागतो, आणि बिबट्या आहेच. वर आंब्याची कलमं. नव्या कलमांच्या बागेत शेळी शिरली की गावात भांडण ठरलेलं.

आमच्या आजीकडे अशा दोन शेळ्या होत्या. बोकड विकायचा मे महिन्यात, कारण जूनमध्ये शाळा आणि बियाणं. हे आजीला ठाऊक, आणि घेणाऱ्यालाही ठाऊक. तो यायचा, बोकडाच्या कमरेवर हात दाबून बघायचा आणि उक्ता भाव सांगायचा. काटा नाही. आजी दोनदा नाही म्हणायची, तिसऱ्यांदा दावं सोडून द्यायची. गावात दुसरा घेणारा नव्हता.

म्हणूनच जिवंत निर्यातवाल्यांचा युक्तिवाद मला सरसकट उडवून लावता येत नाही. दारात दोन गिऱ्हाईकं आली की विकणाऱ्याचा हात वर राहतो. बोटवाला गेला आणि एकटा मांसाचा कारखानदार उरला, तर तो म्हणेल तो भाव. हे कोकणी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, त्यानं आंब्याच्या कॅनिंगचा दर पाहिलाय. मे संपत आला, पाऊस दारात आला, हापूस झाडावर थांबत नाही, आणि फळ पेटीच्या लायकीचं राहत नाही. मग रायवळ नाही नि हापूस नाही, सगळं क्रेटमध्ये भरून कारखान्याच्या फाटकाशी, मिळेल त्या दरानं. स्थानिक प्रक्रिया म्हटलं की शेतकऱ्याचं भलं झालंच, असं मानणाऱ्यानं एकदा मेअखेर त्या रांगेत उभं राहावं.

तरीही माझा कौल कापून पाठवण्याकडेच आहे. बोटीवरच्या हालांमुळे तर आहेच, पण हिशोबामुळेही. बोकडाच्या वजनातलं निम्मं किंवा थोडं कमी मटण निघतं. बाकीचं जातं कुठं? मुंडी, पाय, कलेजी, वजडी, रक्ती, कातडं. यातल्या एकेका वस्तूवर कोणाचा तरी चुलीवरचा तवा चालतो. मुंडी भाजून देणारी बाई, वजडी धुणारा, कातड्याला मीठ लावणारा. जिवंत जनावर बोटीत चढलं की ही सगळी मजुरी त्याच्याबरोबर चढते आणि शारजाला उतरते.

आणि एक जनावर असं आहे ज्याची जिवंत निर्यात आपण कधी वादात ओढत नाही. खाडीतला काळा खेकडा. नांग्या दोरीनं बांधून, ओल्या गोणपाटात, टोपलीत घालून तो विमानानं आग्नेय आशियात जातो. मेला की किंमत गेली, म्हणून जिवंत. त्याच्यासाठी कोणी निवेदन देत नाही. त्याला आवाज नाही, आणि डोळे असले तरी ते काडीवर असतात.

(दृश्य: तालुक्याचं गाव. बाजारपेठेच्या टोकाला पत्र्याचं शेड, ओली फरशी, नळ.)

कापायचं तर कुठं, हा प्रश्न शेवटी इथं येऊन थांबतो. कत्तलखान्यांचे केंद्राचे नियम २००१ सालचे आहेत. गाभण जनावर कापायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मादी कापायची नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लूही नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. पशुवैद्यानं प्रत्येक जनावर तपासायचं, तासाला बारापेक्षा जास्त नाही, दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त नाही. हे नियम वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी जनावराच्या जागी उभं राहून लिहिलेत. मग प्रश्न पडला, हा पशुवैद्य आणायचा कुठून? तालुक्यात जो आहे तो लसीकरणाला गेलेला असतो.

देवनारसारखा कत्तलखाना कोकणाला नको आहे. १९७१ सालचं ते मुंबईचं प्रकरण मुंबईच्या मापाचं. इथं दिवसाला वीस-पंचवीस बोकडांची सोय पुरे: पाणी, सांडपाण्याचा निचरा, एक थंड खोली, तिला जनरेटर, आणि तारीख-वेळ सांगून येणारा डॉक्टर. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीसाठी बर्फाची सवय पिढ्यांची आहे. बांगडा होडीतून उतरताच त्याच्यावर बर्फाचा चुरा पडतो आणि तो शिळा म्हणून कोणी नाक मुरडत नाही. बर्फातला बांगडा चालतो, गारव्यातलं मटण नको, हे गणित मी अनेकांना विचारलं. उत्तर म्हणून सगळे हसतात.

(दृश्य: संध्याकाळ. शेडसमोर टेम्पो थांबतो. मागची फळी उघडते.)

टेम्पो आलाय. चौदा बोकड. घाट उतरून आल्यावर पहिली काही मिनिटं कोणी हलत नाही. मग एक उतरतो, बाकीचे त्याच्या मागे. शेडवाला बादली पुढे करतो. पाणी पिताना त्यांचे कान बादलीच्या काठाला लागतात. शेवटचा फळीवरच उभा आहे, खाली यायला तयार नाही. पोरगा त्याला उचलून खाली ठेवतो, कमरेवर हात दाबून बघतो आणि आतल्या माणसाला वजन सांगतो, अंदाजानं.