एसीच्या कॉइलवरचा पांढरा फेस

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की घरोघरी एसीची सर्व्हिसिंग सुरू होते. मेकॅनिकने आउटडोअर युनिटवर केमिकल फवारले आणि जाळीतून मळकट फेस भसाभसा बाहेर आला की पैसे वसूल झाल्याचे समाधान आपल्याला मिळते. तो फेस कशातून येतो, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

कॉइल म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि त्यांच्यावर दाटीने बसवलेल्या, जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पात्या. अनेक कडक क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. त्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांबरोबर आत रुतलेली घाण बाहेर ढकलली जाते. म्हणजे घाणीसोबत थोडा धातूही जातो. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्यामुळे जवळपास विडी-सिगारेट किंवा गॅसची ज्योत असता कामा नये. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणच्या खाऱ्या हवेपासून बचाव व्हावा म्हणून पात्यांवर जो निळसर लेप दिलेला असतो, तोही अशा रसायनाने खराब होऊ शकतो.

माझ्या मते घरातल्या साध्या धुळीला मऊ ब्रश, पाणी आणि सौम्य क्लीनर पुरेसे आहे. कडक रसायनाची गरज पडलीच, तर ती हॉटेलच्या स्वयंपाकघराजवळच्या तेलकट, चिकट युनिटला. ते वापरायचेच असेल, तर आधी एमसीबी बंद करावा, मात्र कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असू शकते म्हणून आतल्या वायरींना हात लावू नये. डोळ्यांना सर्व बाजूंनी झाकणारा गॉगल, लांब रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. पाण्यात रसायन ओतावे, रसायनावर पाणी नव्हे. लेबलवर लिहिलेला वेळ संपताच हलक्या धारेने भरपूर पाणी मारावे. जोराच्या धारेने पात्या वाकतात. इनडोअर कॉइलवर, म्हणजे बंद खोलीत, तीव्र आम्ल किंवा कॉस्टिक फवारूच नये. ॲसिडनंतर ब्लीचिंग वापरण्याचा उत्साह तर टाळाच, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

सर्वांत धोकादायक म्हणजे काही ॲसिड क्लीनरमधले हायड्रोफ्लोरिक आम्ल. सौम्य प्रमाणात ते त्वचेवर पडले, तर कित्येक तास आगही होत नाही. दरम्यान ते आत झिरपून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते आणि गंभीर प्रसंगी हृदयाचे ठोके बिघडवते. म्हणून डबा उघडण्यापूर्वी लेबल वाचावे, आणि लेबल नसलेल्या बाटलीतले रसायन मेकॅनिकला वापरूच देऊ नये. अंगावर थेंब उडाला, तर भिजलेले कपडे काढून ती जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरावी. डोळ्यात गेले, तर किमान 15 मिनिटे डोळा धुवावा. दोन्ही वेळी, दुखत नसले तरी रुग्णालयात जावे. जाताना लेबलचा फोटो सोबत असू द्यावा, कारण या आम्लाने भाजलेल्या त्वचेला कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल लागतो, आणि ते डॉक्टरांना रसायनाचे नाव कळल्यावरच ठरवता येते.