चौल-रेवदंडा: तटबंदीच्या आतली वाडी

अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता नागाव आणि चौल मागे टाकत रेवदंड्याला पोहोचतो आणि तिथे थेट किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. एसटी, रिक्षा, दुचाक्या याच वाटेने रोज ये-जा करतात. दोन्ही बाजूंचे काळे दगड अगदी जवळ आले, की नवख्या माणसाला उमगते, आपण किल्ल्यात आलो आहोत.

हे बंदर पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचे आहे. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ज्या सिमिल्लाचा उल्लेख केला ते चौलच, असे अभ्यासक मानतात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला आणलेला एक घोडा घेऊन याच किनाऱ्यावर उतरला, तेव्हा वास्को द गामाला कालिकत गाठायला पाव शतकाहून अधिक अवकाश होता. निकितिनचे स्मारक रेवदंड्यातील एका शाळेच्या आवारात उभे आहे. बहुतेक पर्यटक समुद्राच्या ओढीने त्याच्यावरून पुढे निघून जातात, हे मात्र खटकते.

१५०८ मध्ये चौलजवळच्या पाण्यात इजिप्तचे मामलुक राज्यकर्ते आणि गुजरातचा सुलतान यांच्या एकत्रित आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. त्यात पोर्तुगीज विसरईचा, म्हणजे व्हाइसरॉयचा, मुलगा लोरेंसो द अल्मेदा मारला गेला. तरीही १५२१ मध्ये निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी इथे किल्ल्याचे काम सुरू केले, १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीचा वेढा परतवून लावला आणि वसई पडल्यानंतर, १७४० मध्ये, चौल मराठ्यांच्या स्वाधीन झाले.

या सगळ्या घडामोडींची साक्ष देणारा सातखणी मनोरा पाहण्यासाठी माडांमधून वाट काढावी लागते. त्याचे वरचे मजले ढासळले आहेत. खालच्या भिंतींच्या जाडीवरून मूळ बांधकामाची कल्पना येते. भोवताली पडक्या चर्चच्या भिंती आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत. व्यापारी आणि शिपाई गेल्यावर तटाच्या आतली जमीन ओस पडली नाही, ती बागायतदारांनी कसली. म्हणूनच हा किल्ला पाहायचा तर वाडीही पाहायला हवी.

चौलच्या बाजूच्या एखाद्या वाडीत परवानगी घेऊन शिरावे. माडांच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या खोडावर चढलेले मिरीचे वेल, मध्येच जायफळाचे झाड आणि कडेने केळी, अशी ही उंचीनुसार रचलेली शेती असते. विहिरीचे पाणी पाटातून झाडांच्या आळ्यांत जाते. पूर्वी बैल जुंपलेला रहाट पाणी उपसत असे, आता ते काम पंप करतो. गळून पडलेली पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद आवरण, हातात घेतली, तर चामड्यासारखी चिवट लागते. तिच्यापासून द्रोण आणि पत्रावळी करतात. सुपारी काढणारा माणूस शेंड्यापर्यंत चढला, की प्रत्येक झाडासाठी खाली उतरत नाही: अंगाच्या भाराने झाड झुलवतो आणि शेजारच्या पोफळीला हात घालून तिच्यावर जातो. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो, त्याला मात्र त्यात वेळ वाचवण्यापलीकडे काही विशेष वाटत नाही.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील अशा असंख्य बागा आडव्या केल्या. भाताचे पीक बुडाले, तर पुढल्या हंगामाची आशा असते. वाडीत तसे नसते. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, त्यामुळे मोठी झाडे गेलेल्या ठिकाणी आधी केळीची सावली उभी करावी लागते आणि मग तिच्या आडोशाला रोपे लावावी लागतात. ती फळाला यायला पाच-सहा वर्षे, माडाला त्याहून थोडी अधिक. तोवर घरखर्च भागतो तो केळीच्या घडांवर, आणि ज्याची वाडी रस्त्यालगत आहे त्याच्या बाबतीत, मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांवर.