पडद्यावर चढणारं पिल्लू

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते चार महिने ते दीड वर्ष या वयातल्या मांजराबद्दल. त्याआधी ते पिल्लू असतं, कुणाच्याही मांडीत झोपतं, आणि घरातले सगळे त्याचे फोटो काढत असतात. चौथा महिना संपता संपता मात्र त्याच्या अंगात वारं शिरतं. सोफ्याच्या हाताचे धागे लोंबायला लागतात, पडद्याच्या रिंगा तुटतात, पहाटे पाचला ओट्यावरचं भांडं खाली येतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, "सोडून या याला कुठेतरी."

सोडू नका. थोडी सुतारकी आणि रोजची अर्धा-पाऊण तासाची मेहनत, एवढ्यात यातलं बरंच आटोक्यात येतं. फक्त एक मनाशी पक्कं करा: मांजराची ओरबाडण्याची आणि शिकारीची खोड मोडता येत नाही, तिला जागा करून द्यावी लागते.

आधी नखांचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मांजर सोफा ओरबाडतं तेव्हा त्याची तीन कामं एकदम होत असतात. नखाचं बाहेरचं जुनं टरफल सुटून पडतं, पाठ आणि खांदे ताणले जातात, आणि पंज्याच्या गाद्यांमधल्या ग्रंथींतून त्याचा स्वतःचा वास त्या जागेला लागतो. वास लागला की जागा त्याची झाली. म्हणून ते सोफ्याच्या त्याच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा येतं. आणि म्हणूनच 'माझ्या मांजराने नवा खांब हुंगलासुद्धा नाही' या तक्रारीत बहुतेक वेळा दोष खांबाचाच असतो. दुकानातला खांब दीड फुटाचा आणि हलका. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताण देतं, तेव्हा त्याचे पुढचे पंजे अडीच फुटांपर्यंत पोचतात. खांब तोकडा असला तर ताण बसत नाही, आणि डुगडुगला तर एकदाच अंगावर पडतो. नंतर ते त्याच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही.

तेव्हा खांब घरीच करा. प्लंबिंगच्या दुकानात ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, त्याचा ९० सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या. बूड म्हणून १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन. सुताराकडून पाइपच्या आत घट्ट बसेल असा लाकडाचा गोल ठोकळा करून घ्या, पाच सेंटिमीटर उंचीचा. तो प्लायच्या मधोमध खालून चार स्क्रूंनी आवळा, वर पाइप बसवा आणि बाजूनेही चार स्क्रू मारा. पाइपच्या खालच्या अर्ध्या भागात कोरडी वाळू भरा, साधारण पाच किलो बसते. वरून झाकण लावा. आता खांब ढकलून बघा. तुमच्या हाताने हलला, तर मांजराच्या उडीने नक्की हलणार. मग प्लाय मोठा घ्या.

आता दोरी. १० मिलिमीटर जाडीची काथ्याची दोरी ३० मीटर आणा. खालचं ७५ सेंटिमीटर अंतर गुंडाळायला २८ मीटरच्या आसपास लागते, बाकीची टोकं पक्की करायला. परदेशी खांबांना सिसलची दोरी असते. ते सिसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचंच भावंड. गावाकडे वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, दोर मिळत असेल तर काथ्यापेक्षा तोच उत्तम. सुतळी नको, तिचे बारीक धागे सुटतात आणि मांजर ते गिळतं. नायलॉन तर अजिबात नको, त्यात नख रुततच नाही. गुंडाळण्याआधी पाइप पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या, म्हणजे दोरी घसरणार नाही. दोरीचं टोक बुडाशी पक्कं करा, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर हातोडीने ठोकत वर चला. गोंद पहिल्या आणि शेवटच्या तीन-चार वेढ्यांनाच लावा. त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन दिवस तरी, खांब मांजरापुढे आणू नका.

मग तो ठेवायचा कुठे? इथे फार लोक चुकतात. शोभा जाते म्हणून खांब गॅलरीच्या कोपऱ्यात जातो आणि मांजर सोफ्याकडे. खांब आधी त्या फाटलेल्या कोपऱ्याला अगदी लागून ठेवायचा. झोपेतून उठल्यावर मांजराला पहिला ताण द्यायचा असतो, तेव्हा ते झोपतं तिथेही काहीतरी ओरबाडण्याजोगं हवं. सोफ्याच्या त्या भागावर जुनी चादर घट्ट खोचून तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. रेक्झीनवर थेट लावू नका, डाग पडतो. चिकट पंजा मांजराला मुळीच खपत नाही. खांबावर पिसाची काठी फिरवा, ते आपसूक नखं लावेल. पण त्याचे पंजे धरून खांबावर घासू नका. धरलं की ते पळणार, आणि खांब म्हणजे धरपकड हे त्याच्या डोक्यात बसणार. तुमचं मांजर सोफ्याऐवजी पायपुसणं किंवा सतरंजी ओरबाडत असेल, तर उभा खांब त्याच्या कामाचा नाही. काथ्याचं जाड पायपुसणं एका फळीवर ठोकून जमिनीवर आडवं टाका.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापायची. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा. एका बैठकीत सगळी झाली पाहिजेत असं काही नाही, मांजर पेंगत असताना दोन कापली तरी चालतं. बोट हलकं दाबलं की नख बाहेर येतं. आत गुलाबी भाग दिसतो, तिथे रक्तवाहिनी आहे. त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे, फक्त पारदर्शक टोक उडवा. चुकून रक्त आलंच तर कोरडं कॉर्नफ्लॉवर दाबून धरा.

आता त्या पहाटेच्या धिंगाण्याकडे येऊ. मांजर संधिप्रकाशातलं शिकारी जनावर. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या कामाच्या वेळा. फ्लॅटमध्ये काम नाही, उंदीर नाहीत, वाटीत सगळं आयतं. मग उरलेली ताकद पडद्यावर निघते. त्याला रोज दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं खेळवा. तीन फुटांची काठी, तिला दोन फूट दोरी, टोकाला पीस किंवा चिंधी. बहुतेक जण ती चिंधी मांजराच्या तोंडापुढे नाचवतात आणि म्हणतात, "हे खेळतच नाही." कुठला उंदीर मांजराच्या तोंडापुढे येऊन नाचतो? चिंधी त्याच्यापासून लांब न्या. भिंतीच्या कडेने सरपटू द्या, पलंगाखाली अर्धी लपवा, आणि मग स्तब्ध. पाच सेकंद काहीच नाही. त्या पाच सेकंदांत बघा: मांजराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, ते जमिनीला चिकटतं, मागचा भाग डावी-उजवीकडे हलायला लागतो. खरी दमणूक या दबा धरण्यात आहे. मधूनमधून त्याला चिंधी पकडू द्या, शेवटी हालचाल मंदावत न्या, आणि शेवटची पकड झाली की लगेच जेवण द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्याचा क्रम. रात्री तुम्ही आडवं होण्याआधी तो पुरा करा. लेझरच्या लाल ठिपक्याने मांजर धावतं खूप, पण हाती काहीच लागत नसल्याने चिडचिडं होतं. खेळताना तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर थांबा.

तरीही पहाटे ओरडलंच, तर उठून खायला घालू नका. तिथेच सगळं बिघडतं. पहिले काही दिवस आरडाओरडा वाढेल, ते ठरलेलंच आहे. सात दिवस तग धरून आठव्या दिवशी कंटाळून उठलात, तर आठ दिवस ओरडलं की मिळतं हा धडा तुम्हीच दिलात. खाणं घड्याळाच्या गजराला बांधा. गजर झाला की वाटी भरायची, मग ते तुमच्याऐवजी गजराची वाट बघतं. आणि दिवसाचं सगळं कोरडं खाणं वाटीत ओतू नका. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये थोडं विखरून ठेवा, पंज्याने एकेक दाणा उकरून काढण्यात त्याचा अर्धा तास जातो.

हाताला चावणं हा यातलाच प्रकार, पण याला आपणच जबाबदार असतो. पिल्लू लहान असताना चादरीखाली बोटं हलवून खेळवतात, आणि सहा महिन्यांनी तेच दात लागायला लागले की ओरडतात. हात हे खेळणं नाही, हे घरातल्या प्रत्येकाने पाळायचं, पाहुण्यांनीसुद्धा. दात रुतले तर हात मागे खेचू नका. पळणारी वस्तू ते आणखी घट्ट धरतं. हात निर्जीव करा, पकड ढिली झाली की उठून निघून जा, मिनिटभर तिकडे बघूही नका. कुरवाळताना शेपटीचं टोक फटफट हलायला लागलं, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरथरली, की तिथेच थांबायचं. रक्त आलं असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जा. मांजर घरचं आहे म्हणून हे टाळू नका.

मारणं, पाण्याचा फवारा, नाक जमिनीवर घासणं, यातलं काहीही उपयोगाचं नाही. मांजर एवढंच शिकतं, की हा माणूस घरात नसताना सोफा ओरबाडावा.

ओट्यावर चढणं पूर्ण बंद होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याला उंची हवी असते. स्वयंपाकघराबाहेर, खिडकीशी ओट्यापेक्षा उंच अशी एक फळी द्या आणि ओट्यावर रात्री बांगड्याचा काटा काय, दुधाचा थेंबही ठेवू नका. दूध तसंही त्याला लागत नाही, बऱ्याच मोठ्या मांजरांना त्याने हगवण लागते. गॅसचा रेग्युलेटर मात्र रोज रात्री बंद, कारण उडी मारताना बटण फिरू शकतं. समई, निरांजन पेटलेलं असेल तर तिथे माणूस हवा. वॉशिंग मशिनचं दार लावण्याआधी आत हात घालून बघा.

नुकसान सोफ्याचं होतं, पण जीव जातो तो दोऱ्याने. हे जरा सावकाश ऐका. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, आतच सरकतो. सुईचा दोरा, राखी, निर्माल्यातल्या हाराचा दोरा, संक्रांतीचा मांजा, रबरबँड, आणि खेळून झाल्यावर बाहेर राहिलेली ती काठीसुद्धा. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जातं, आणि पायजम्याची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात तशी आतडी त्यावर गोळा होतात, कापलीही जातात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. उलट्या आणि अन्न बंद, एवढ्यावरही न्या.

फरशी फिनेलने पुसत असाल तर बंद करा. ते पंज्यांना लागतं, मांजर पंजे चाटतं, आणि त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. साबणाचं पाणी पुरे. पॅरासिटामॉलची एक गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते. डांबरगोळ्या, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध आणि पुष्पगुच्छातली लिली घरात उघड्यावर नको. लिलीचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. पानं खायची हौस असेल तर कुंडीत गहू पेरा, नवरात्रात घटाशी पेरतो तसेच. आठवड्याभरात खाण्याजोगे होतात. वायरी चावत असेल तर त्यांच्यावर केसिंग-कॅपिंगची, म्हणजे वायर झाकायची, पट्टी मारा. सहा-सात महिन्यांपर्यंत दात बदलत असतात, तोवर हा त्रास जास्त.

नसबंदीबद्दल थोडक्यात. भाटी, म्हणजे मांजराची मादी, चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, तेव्हा पाचव्या महिन्याच्या आसपास डॉक्टरांशी बोला. बोक्याचं लघवीचे फवारे मारणं आणि रात्रीचं हिंडणं नसबंदीने बरंच कमी होतं. सोफा ओरबाडणं कमी होत नाही. ती अपेक्षा ठेवून शस्त्रक्रिया करू नका.

खांबाबद्दल एक राहिलं. मांजर तीन-चार आठवडे नेमाने तो वापरायला लागलं, की सोफ्यावरची चादर एकेका बाजूने काढा, आणि खांब तुम्हाला हवा तिथे न्यायचा असेल तर रोज चार बोटं सरकवा, एकदम नाही. वर्षभरात दोरी झिजून लोंबायला लागेल, पाहुण्यांपुढे लाज वाटेल. ती सगळी एकदम बदलू नका. वरची अर्धी नवी गुंडाळा, खालची जुनी महिनाभर तशीच राहू द्या. त्याचा वास तिथे आहे.

नमस्कार.